वातावरण टाईट असतं तेव्हा समुपदेशकानं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे : "मी कोल्हापुरात दोन वर्षांपासून समुपदेशन करते. शहरात काही घडलं, म्हणजे बंद, मोर्चा, दगडफेक, कुणाचं तरी स्टेटस, की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडं येणारे लोक त्याच्यावरच बोलतात. झोप नाही, पोरांना बाहेर सोडत नाहीत. काहीजण दुसऱ्या समाजाबद्दल असं बोलतात की ऐकवत नाही. एकानं तर सरळ विचारलं, 'म्याडम, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?' मी गप्प बसले. अशा काळात थेरपिस्टचं काम नेमकं काय?"

गप्प बसलात याचं फार वाईट वाटून घेऊ नका. बावीस वर्षं मी हेच काम करते आहे, आणि माझ्या हातून जे नुकसान झालं ते बहुतेक वेळा बोलण्यानं झालं.

७ जून २०२३ आठवा. आदल्या दिवशीच्या स्टेटसवरून बंदची हाक, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. त्याच आठवड्यात माझ्याकडं एक बेकरीवाले आले. (इथं ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचे तपशील बदललेत, दोघातिघांचा मिळून एकेक माणूस केलाय.) मुसलमान, पन्नाशीचे, पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांसाठी, वर्षभर येत होते आणि बरेच सावरले होते. म्हणाले, रात्री शटर वाजल्याचा भास होतो, उठून खाली जाऊन बघतो. मी धीर द्यायच्या भरात बोलून गेले, "अहो, हे शाहू महाराजांचं गाव. इथं काही होत नसतं."

ते थोडा वेळ फरशीकडं बघत बसले. मग म्हणाले, "शाहू महाराजांचं मला बी म्हाईत हाय म्याडम. माझा आजा त्यांच्याच बोर्डिंगात शिकला. पण शटरवर ज्यानं लाथ घातली, त्या पोराला बी मी ल्हानपणापासनं वळखतोय. रोज खारी न्यायचा."

पुढचे तीन आठवडे ते आले नाहीत.

एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या. जे माझ्या हातात नाही त्याचं आश्वासन दिलं, आणि घाबरलेल्या माणसाला इतिहास ऐकवला. १९०६ साली महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढलं, बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे, २०१८ आणि २०१९ ला मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा कित्येक तालमींत पंजे आणि गणपती शेजारीशेजारी बसले. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ज्याचं शटर वाकलंय त्याला हे सांगणं म्हणजे "तुझ्या बाबतीतच कसं काय झालं?" असं विचारण्यासारखं आहे.

ते परत आले तेव्हा मी आधी माफी मागितली. मग आम्ही एका शब्दावर काम केलं : 'वातावरण'. तुमच्याकडंही हाच शब्द येत असेल. वातावरण टाईट आहे, वातावरण बरोबर नाही. या शब्दाला ना रस्ता, ना वेळ, ना माणूस. ज्या भीतीला पत्ता नाही ती घरभर फिरते. आपलं पहिलं काम तिला पत्ता मिळवून देणं. वातावरण म्हणजे कुठला रस्ता? किती वाजता? कोण? तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं, आणि कानावर काय आलं?

यासाठी कोल्हापूरकराला नवं काही शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघून दिवस काढतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनीही नंतर सांगितलं की निदान आकडा कळत होता, त्यामुळं गॅस सिलेंडर माळ्यावर चढवता आला. माणसांच्या रागाला असा बंधारा नाही, म्हणून आम्ही तो कागदावर काढला. आडव्या दोन रेघा. खालची ३९, वरची ४३.

३९ ला काय दिसतं? बेकरीवाल्यांनी विचार करून सांगितलं : समोरचा चपलांचा दुकानदार भरदुपारी शटर अर्ध्यावर ओढतो. पोलिसांची गाडी रोजच्या वेळेशिवाय कोपऱ्यावर उभी राहते. शाळेतून 'मुलांना लवकर न्या' असा निरोप येतो. तेव्हा काय करायचं? गल्ल्यातली रोकड वर न्यायची, मालाची गाडी बोळात घ्यायची, मुलीला मेव्हण्याकडं पोचवायचं. ४३ म्हणजे गर्दीचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकू येणं. मग शटर खाली, ११२, सगळे वरच्या मजल्यावर.

त्यांनी ३९ च्या यादीत 'ग्रुपवर मेसेज येतो' असंही लिहिलं होतं. मी विचारलं, महिन्यात किती वेळा आला? त्यांनी फोन उघडून मोजलं. अकरा वेळा. आणि त्यातलं काही घडलं का? एकदाही नाही. ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली. मग मी विचारलं, "आणि ३९ च्या खाली?" ते म्हणाले, "खाली काय... पाव भाजायचं."

सीबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, शिकलेल्यांना एक सांगते. 'तुमच्या विचाराला पुरावा काय?' हा प्रश्न इथं फार जपून वापरा. त्यांच्याकडं पुरावा होता, वाकलेला. भीती चुकीची नव्हती, ती चोवीस तास चालू होती हा त्रास होता. खरा धोका कमी करणं आपल्या हातात नसतं. खरा धोका आणि उरलेला दिवस वेगळे करणं मात्र जमतं.

पहिल्या काही आठवड्यांबद्दल थोडक्यात. झोप उडणं, दचकणं, चिडणं, तेच ते आठवणं यांना पहिल्या महिन्यात आजाराचं नाव देऊ नका. पीटीएसडीचं (आघातानंतर मागं राहणाऱ्या मानसिक आजाराचं) निदान महिनाभर लक्षणं टिकल्याशिवाय करायचं नसतं. घडलेलं सगळं एका बैठकीत काढून बोलायला लावायची जी 'डीब्रीफिंग'ची पद्धत होती, तिच्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) फायदा दिसला नाही, उलट काहींचा त्रास वाढलेला दिसला. तेव्हा 'बोला, मोकळे व्हा' म्हणून मागं लागू नका. बोलले तर ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन पायऱ्या आहेत : बघा, ऐका, जोडून द्या. आपल्या क्षेत्रातले लोक दुसरीवरच अडकतात. तिसरी पायरी म्हणजे नुकसानीच्या पंचनाम्याला कुठं जायचं, कुठला वकील फोन उचलतो, औषधाचं दुकान कुठलं उघडं आहे. हे सांगणं थेरपीच्या खालच्या दर्जाचं काम आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. आता माझ्या ड्रॉवरमध्ये अशा नंबरांचा कागद कायम असतो, त्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण आहे.

आणि कुणी शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेत असेल तर विचारून घ्या. अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्या गटातली औषधं सरसकट देऊ नयेत असंच मार्गदर्शन आहे. महिन्यानंतरही माणूस कामाला लागत नसेल, दारू वाढली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर मात्र वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवा. मरणाचं बोलणं आलं तर महिना मोजायचाच नाही, त्याच दिवशी.

आता 'तुम्ही कुणाच्या बाजूच्या?'

आपल्याकडं आडनाव कळलं की अर्धी कुंडली कळते, आणि माझं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. मी तटस्थ असल्याचा आव आणला तर समोरच्याला तो लगेच दिसतो. म्हणून मी आधी उलटा प्रश्न टाकते : मी अमुक बाजूची निघाले, तर तुम्हाला माझ्याशी काय बोलणं अवघड जाईल? उत्तर मिळतंच. एकानं सांगितलं, "मग मी रडणार न्हाई तुमच्यासमोर." खरा प्रश्न तो होता. पण उलटा प्रश्न टाकून सटकायचंही नाही, उत्तर द्यावं लागतं. माझं ठरलेलं उत्तर असं : मी कुठल्या घरात वाढले ते पाटीवर दिसतंय. माझी मतं आहेत, ती तुमच्यावर लादणार नाही. पण कुणाला मारणं, जाळणं बरोबर आहे असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही, मग मारणारा कुणी का असेना. एवढं बोलून थांबते.

बाजू न घेण्याचा अर्थ सगळ्यांना सारख्याच अंतरावर उभं करणं असाही नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली गेली. त्या घरातली बाई आणि ती बातमी टीव्हीवर बघून अस्वस्थ झालेला माणूस, दोघंही आपल्याकडं येऊ शकतात, दोघांचंही ऐकायचं, पण दोघांचा त्रास एका फूटपट्टीनं मोजायचा नाही. एल साल्वादोरमधले इग्नासियो मार्टिन-बारो हे मानसशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू म्हणायचे की अशा काळातली जखम एकट्या माणसाच्या डोक्यात नसते, माणसामाणसांतल्या नात्यात असते. १९८९ मध्ये सैन्यानं त्यांची हत्या केली. मला त्यांचं म्हणणं पटतं ते त्या खारीमुळं. बेकरीवाल्यांना शटरपेक्षा जास्त काय लागलं होतं, तर ते पोरगं ओळखीचं होतं हे.

द्वेषाच्या बोलण्याचं काय करायचं? तिथंही मी पत्ताच विचारते. 'ते लोक' म्हटलं की कोण, एक नाव सांगा. एक बाई वीस मिनिटं तोंड सोडून बोलत होत्या. नाव विचारल्यावर अडखळल्या, आणि मग निघालं ते वेगळंच : मुलगी संध्याकाळच्या एसटीनं एकटी येते, नवरा आणायला जात नाही, आणि हे त्याला बोलायची सोय नाही. पुढचे दोन महिने आम्ही त्या नवऱ्यावर काम केलं. पण दर वेळी खाली असं काही सापडतंच असं समजू नका. काही जणांचा द्वेष हा द्वेषच असतो, त्याच्या खाली दुसरं काही नसतं. अशा वेळी मी सांगते, तुमचा राग इथं आणा, हे शब्द नको. एका माणसाला मी दुसऱ्या थेरपिस्टकडं पाठवलं, कारण तो बोलायला लागला की माझे कान बंद व्हायचे. त्याला तसं सांगूनच पाठवलं. तो चिडला. तरी मला ते बरोबर वाटतं.

सगळ्यात अवघड केस मात्र वेगळीच होती. एकोणीस वर्षांचा मुलगा, तालमीत जाणारा. आईनं 'चिडचिड करतोय, जेवत न्हाई' म्हणून आणला. पहिल्या दिवशी म्हणाला, मी गर्दीत होतो, पण दगड उचलला न्हाई. दुसऱ्या वेळी, "उचलला, पण मारला न्हाई." तिसऱ्या वेळी बराच वेळ पंख्याकडं बघत बसला, आणि एकच शब्द, "मारला." मग माझ्या हाताकडं बघून, "लिहून ठेवताय काय?"

मी पेन खाली ठेवलं. इथं तुम्हाला कायदा माहीत हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतं. त्याला अपवाद आहेत, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून लागेल तेवढी माहिती देता येते. म्हणजे पुढं कुणाला मारायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. हे तुम्ही पहिल्याच भेटीत, कुणी काही कबूल करायच्या आधी, साध्या मराठीत सांगायला हवं. मी सांगितलं होतं, पण फॉर्मवर सही घेताना भराभर, बँकेत सांगतात तसं. त्याच्या लक्षात नव्हतं. तेव्हापासून मी ते वेगळं पाच मिनिटं बसून सांगते. नोंदी पण आटोपशीर ठेवते : झोप किती, जेवण कसं, पुढं काय ठरलं. न्यायालय उद्या कागद मागवू शकतं. तिसऱ्या माणसाचं नाव माझ्या वहीत नसतं.

त्या मुलाला मी माफ केलं नाही, दटावलंही नाही. ती दोन्ही कामं माझी नाहीत. वकिलाला भेटायला सांगितलं. मग आम्ही त्या दिवशीचा हिशेब लावला : घरातून किती वाजता निघाला, बोलवायला कोण आलं, कुठल्या कोपऱ्यापर्यंत परत फिरता आलं असतं. तो कोपरा त्याला बरोबर सापडला, एका झेरॉक्सच्या दुकानापाशी. "तिथं बाप्पानं हाक मारल्ती," तो म्हणाला. बाप्पा म्हणजे त्याचा चुलता. ज्याच्या दुकानावर दगड मारला त्या दुकानदाराकडं जाऊन या मुलानं पाया पडावं असं मला फार वाटत होतं. सुचवलं नाही. त्या माणसाला ही भेट हवी आहे का, हे ना मला ठाऊक होतं ना त्याला. पश्चात्ताप हलका करायला पुन्हा त्याच माणसाच्या दारात जाणं हे दर वेळी चांगलंच असतं असं नाही. पाचव्या भेटीनंतर तो यायचा बंद झाला. आईचा फोन आला, जेवतोय म्हणाली.

फोनचा विषय काढायलाच हवा. एक कॉलेजातली मुलगी, पक्की कोल्हापूरची, "मी रात्रभर झोपलोच न्हाई म्याडम" म्हणणारी. (बाहेरून आलेले समुपदेशक इथल्या मुली 'झोपलो', 'गेलो' म्हणतात म्हणून गोंधळतात. त्यात काही मानसशास्त्रीय शोधू नका, ती आमची भाषा आहे.) तिला त्या आठवड्यात सलग झोप लागली ती नेमकी इंटरनेट बंद होतं त्या रात्री. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यात पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. हे मी लोकांना सांगते. पण 'फोन बघू नका' हा सल्ला चालत नाही, कारण जिवाला घोर असलेला माणूस बातमी सोडत नाही. आम्ही ठरवतो ते असं : दिवसातून दोन वेळा, पंधरा मिनिटं, उभं राहून, आणि व्हिडिओ आवाज बंद करून. उभं राहून का, तर अंथरुणात पडून बघितलं की पंधराचे दीडशे होतात. आणि गल्लीतला एक खात्रीचा माणूस, ज्याला फोन करून विचारायचं, खरंच काही आहे का.

प्रत्येक उलथापालथीत भीतीच असते असंही धरून चालू नका. आरक्षणाच्या आंदोलनात माझ्याकडं आलेली काही पोरं उत्साहानं फुललेली होती, त्रास सुरू झाला तो आंदोलन ओसरल्यावर, घरी परत तीच नोकरीची रड. २०२५ ला नांदणी मठातली हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा शिरोळ भागातली एक आजी माझ्यासमोर घरातलं माणूस गेल्यासारखी रडली. सोबतची सून हसू दाबत होती. आजीला समजूत नको होती, तिला हत्तिणीच्या आठवणी सांगायच्या होत्या. मी ऐकल्या, पाऊण तास. तिथं दुसरं काही करायचं नव्हतं.

परत बेकरीवाल्यांकडं येते. झोप बरी झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, आता गल्लीत पूर्वीसारखं बसू का? दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज जाऊन चहा पीत, हे या गावात सगळ्यांना ठाऊक. आम्ही पण पायरी म्हणून चहाच ठरवला, पण एक अट घातली : पहिला चहा त्यांनी जाऊन प्यायचा नाही, कुणी बोलावलं तर जायचं. ज्याचं शटर फुटलं त्यानंच सलोख्याला निघायचं, हे ओझं मला त्यांच्यावर टाकायचं नव्हतं. तीन आठवडे कुणी बोलावलं नाही. चौथ्यात चपलांच्या दुकानदारानं हाक मारली. काय बोललात विचारलं, तर म्हणाले, जीएसटीचं.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही. तुम्ही याच शहरात राहता. तुमची पण मुलं त्याच रस्त्यानं शाळेत जातात. परदेशातल्या थेरपिस्टची पुस्तकं बहुधा असं धरून चालतात की वादळ क्लायंटच्या घरात आहे आणि आपण काठावर. २०१९ ला माझ्या तळमजल्यात कंबरभर पाणी होतं आणि मी फोनवर पूरग्रस्तांना धीर देत होते. दोन महिन्यांनी एका साध्या सेशनमध्ये, कुणीतरी सुनेबद्दल तक्रार करत असताना, मला रडू कोसळलं. त्यानंतर मी दोन गोष्टी पाळते. असं काही घडलं की त्या आठवड्यात दिवसाला चारच सेशन. आणि पुण्यातल्या एका जुन्या सहकारी बाईंना फोन, ज्यांना इथल्या गल्लीतलं काही देणंघेणं नाही. लांबचा माणूस हवा. इथल्या मैत्रिणींशी बोलायला लागले की आम्ही पंधरा मिनिटांत क्लायंटवरून आमदारांवर येतो.

बंदच्या दिवशीचं सेशन रद्द करू नका, फोनवर घ्या, आणि फोन तुम्ही करा. नेटवर नको, नेट जाऊ शकतं. पहिलं वाक्य 'कसं वाटतंय?' नको, 'घरी कोण कोण आहे आता?' असं विचारा. ज्यानं तुम्हाला बाजू विचारली, तो परत आला तर विषय तुम्हीच काढा : त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही, आज देते.